जुनी फोर-बाय-फोर घेण्याआधी गाडीखाली शिरा

माननीय संपादक यांस,
स.न.वि.वि.

चवथ आटोपून दसरा जवळ आला की गोव्यात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री जोर धरते. हल्ली त्यात मोठ्या फोर-बाय-फोर गाड्यांना बरीच मागणी दिसते, आणि कारण उघड आहे. नवी फॉर्च्युनर फोर-बाय-फोर दारात येईपर्यंत चाळीस लाखांच्या पुढे जाते. सात-आठ वर्षांची गाडी निम्म्याच्या आसपास मिळते, घरची सात माणसे तीत मावतात आणि सत्तरी-काणकोणातल्या वाड्यावर भर पावसातही पोचता येते. पण गाडी पाहायला गेलेले गिऱ्हाईक रंग, सीटची कव्हरे आणि मीटरवरचे किलोमीटर एवढेच पाहून परतते. गोव्यात अशा गाडीची खरी किंमत ठरते ती खालून, चासीवर आणि क्राऊनच्या (चाकांच्या जोडीला ताकद वाटून देणाऱ्या दातेरी पेटीच्या) ऑईलवर. खारी हवा, तांबडी माती आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी केलेले नुकसान वरून दिसत नाही. रोज गाड्यांखाली असणाऱ्यांना जे सहज कळते ते घेणाऱ्या कुटुंबालाही कळावे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न, चारही चाकांना ताकद खरोखरच लागते का? पणजी-म्हापसा-मडगाव फिरणाऱ्या, वर्षातून दोनदा चोर्ला किंवा अनमोड घाट चढणाऱ्या घराला नाही लागत. त्यांना जमिनीपासूनची चांगली उंची आणि चांगले टायर पुरतात. ज्यांच्या घराकडे जाणारी वाट पावसात चिकट तांबड्या चिखलाची होते, ज्यांचे काजूचे किंवा माडाचे भाट चढावर आहे, त्यांनी मात्र जरूर घ्यावी. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालायची म्हणून कोणी घेत असेल, तर किनाऱ्यावर गाडी चालवायला गोव्यात बंदी आहे आणि पोलीस गुन्हा नोंदवतात. शिवाय फोर-बाय-फोर म्हणजे पुढचा क्राऊन, ताकद पुढे-मागे वाटणारी ट्रान्सफर केस, जादा शाफ्ट, जादा सील, जादा ऑईल आणि दीडशे किलोंच्या आसपास जादा वजन. वापर नसेल तर हा सगळा खर्च नुसता वाहून न्यायचा.

लागत असेल तर कुठल्या जातीची, तेही पाहावे. रेनॉ डस्टर एडब्ल्यूडी (ऑल-व्हील ड्राइव्ह), महिंद्रा एक्सयूव्ही ५०० एडब्ल्यूडी, जीप कंपास फोर-बाय-फोर या गाड्यांत पुढची चाके घसरली की मागच्या चाकांकडे ताकद जाते, पण हळू आणि जास्त जोराने चढवणाऱ्या लो गिअरची (लो रेंजची) वेगळी पेटी नाही. ओल्या रस्त्याला, गवताळ उताराला, थोड्याफार चिखलाला त्या उत्तम. डस्टरचा पहिला गिअर तर मुद्दाम आखूड ठेवलेला आहे. पण भरलेल्या गाडीने ओल्या चिऱ्याच्या खडीवरून उभा चढ चढायचा, तर लो रेंज हवी. ती फॉर्च्युनर, एंडेव्हर, पजेरो स्पोर्ट, सफारी स्टॉर्म आणि स्कॉर्पिओच्या फोर-बाय-फोर आवृत्त्यांत आणि जिम्नीत मिळते. जिम्नीत माणसे चारच बसतात, पण अरुंद वाटांसाठी तिच्यासारखी गाडी नाही.

इथेच पहिली फसगत होते. यातल्या बहुतेक गाड्या टू-व्हील ड्राइव्हमध्येही विकल्या गेल्या आणि मागच्या दारावरची ‘४×४’ अक्षरे बाजारात शे-दोनशे रुपयांना मिळतात. पहिल्या पिढीची फॉर्च्युनर २००९ मध्ये आली तेव्हा कायमची फोर-व्हील होती. टू-व्हीलची आवृत्ती नंतर, २०१२ मध्ये आली. दुसऱ्या पिढीत, म्हणजे २०१६ च्या अखेरीपासून, फोर-व्हीलसाठी डॅशबोर्डवर फिरवायचे बटण आहे. अक्षरांवर विसंबू नये. गाडीच्या पुढच्या टोकाखाली वाकून पाहावे. दोन चाकांच्या मधोमध क्राऊनची पेटी आणि तिच्याकडे मागून येणारा शाफ्ट असेल तर ती फोर-बाय-फोर. डस्टरसारख्या एडब्ल्यूडी गाडीत मात्र हीच पेटी आणि शाफ्ट मागच्या चाकांकडे शोधावा. नसेल तर बोलणे तिथेच थांबवावे.

आता गाडी कुठून आली ते. गोव्यातल्या बाजारात अशा गाड्या साधारण चार वाटांनी येतात आणि प्रत्येक वाटेचा आजार वेगळा.

किनारपट्टीवर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वर्षानुवर्षे उघड्यावर उभी राहिलेली गाडी चालते कमी आणि गंजते जास्त. तिचे किलोमीटर पाहून हुरळून जाऊ नये. दुसरी खाणपट्ट्यातली, सांगे, केपे, डिचोली, धारबांदोडा भागातली. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या त्याआधी तिथे राबलेल्या गाड्या अजूनही हातोहात फिरताना दिसतात. लोहखनिजाची बारीक भुकटी एअर फिल्टरच्या कडेने आत शिरून टर्बोची पाती झिजवते, अल्टरनेटरमध्ये बसते, एसीच्या कूलिंग कॉइलवर थर धरते. अशा गाडीचा एअर फिल्टर बॉक्स उघडून फिल्टरच्या पलीकडच्या, इंजिनकडच्या बाजूने बोट फिरवावे. बोटाला तांबडे लागले तर धूळ इंजिनात गेलेली आहे आणि पुढचे काही पाहायची गरज नाही.

तिसरी वाट रेंट-अ-कॅबची. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी काही वर्षे पर्यटकांच्या हाती राहते आणि मग खासगी नोंदणीत बदलून पांढऱ्या पाटीने विकली जाते. तसे करण्यात बेकायदा काही नाही. पण ती शंभर अनोळखी हातांनी चालवलेली असते. मोरजी, हणजूणच्या वाळूत रुतलेल्या भाड्याच्या गाड्यांच्या बातम्या आपल्याच वर्तमानपत्रात येतात. त्या गाड्या ओढून काढल्या जातात, धुतल्या जातात आणि पुढे कोणीतरी त्या विकत घेतोच. आधीच्या वापराची खूण म्हणजे नंबरप्लेटच्या जागी जादा भोके, काचेवर स्टिकर खरवडल्याचे डाग, डॅशबोर्डखाली स्पीड गव्हर्नरच्या कापलेल्या वायरी. खात्री करायची तर वाहतूक खात्याच्या ज्या कार्यालयात नोंदणी आहे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या आरटीओत, मालकाला सोबत नेऊन नोंदीचा पूर्ण तपशील मागावा. कुळेहून दूधसागरला नदीच्या पात्रातून फेऱ्या मारलेल्या जीपलाही हाच नियम, फक्त तिथे आजार वाळूचा नसून पाण्याचा.

चौथी वाट परराज्याची. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या मोठ्या डिझेल एसयूव्ही स्वस्तात दक्षिणेकडे येतात. चासीला गंज नसलेली, चांगली गाडी त्यात मिळू शकते, कारण तिकडे खारी हवा नाही. पण कोल्हापूर-सांगलीकडून येणारी असेल तर ऑगस्ट २०१९ चा पूर आठवावा, चिपळूणकडची असेल तर जुलै २०२१ चा. त्याच जुलैत आपल्याकडे म्हादईच्या पाण्याने सत्तरीत काय केले, तेही विसरू नये. बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ असते आणि ती धुऊन सहसा जात नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, पायाखालच्या गालिच्याखालचा फोम, स्टेपनीची जागा, फ्यूजबॉक्सची मागची बाजू पाहावी. पॉलिसीवरचा नो-क्लेम बोनसही बोलका असतो. पाच वर्षे क्लेम नसेल तर तो ५० टक्के असायला हवा. सहा वर्षांच्या गाडीला तो शून्य किंवा २० टक्के दिसला तर अलीकडे क्लेम झालेला असण्याची शक्यता आहे. कशाचा, ते विचारावे आणि कागद पाहावा.

मग गाडीखाली. हे काम दुकानदाराच्या अंगणात उकिडवे बसून होत नाही. रॅम्प किंवा खड्डा असलेल्या गॅरेजमध्ये गाडी न्यावी, त्याचे चारपाचशे रुपये द्यावेत. सोबत चांगली टॉर्च आणि जड मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर असावा. चासीचे दोन लांब पाट म्हणजे आतून पोकळ पेट्या. पावसाळ्यात तांबडा गाळ भोकांतून आत जातो, तळाची निचऱ्याची भोके बुजतात आणि तो गाळ दिवाळीपर्यंत ओला राहतो. गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे बाहेर रंग शाबूत आणि आत पत्रा कागदाइतका, असे होते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पाट ठोकत पुढून मागे जावे. धड पत्रा खणखणीत वाजतो. जिथे आवाज बद्द येतो, तिथे टोकाने दाबून पाहावे. मागच्या अॅक्सलच्या वर जिथे पाट कमानीसारखा उचललेला असतो ती जागा, मागच्या स्प्रिंगच्या बैठका, बॉडी चासीवर टेकते ते रबराचे ठोकळे, स्टेपनी टांगण्याची आडवी पट्टी आणि सायलेन्सरच्या वरची जागा, या ठिकाणी सगळ्यात जास्त सडते. ब्रेकच्या लोखंडी नळ्या चासीच्या कडेने जातात. क्लिपखाली त्या फुगलेल्या, पापुद्रे सुटलेल्या असतील तर बदलाव्याच लागतात. मागच्या एसीचे पाईपही याच वाटेने जातात आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांत ते पांढरे पडून फुटतात. मग मागच्या रांगेतल्या मुलांना नुसता वारा लागतो.

सर्वांत जास्त सावध राहावे ते ताज्या काळ्या अंडरकोटिंगपासून. विक्रीच्या आठवड्यात केलेले कोटिंग गंजावर पडदा टाकण्यासाठी असते. नटबोल्ट, रबर, नळ्या सगळ्यांवरून सरसकट काळे मारलेले दिसले तर मालकाच्या परवानगीने दोन ठिकाणी खरवडून पाहावे. त्याने नकार दिला तर उत्तर मिळाले, असे समजावे. वरवरचा तांबूस गंज मात्र गोव्यातल्या प्रत्येक गाडीला असतो. ब्रशने घासून खाली घट्ट लोखंड लागत असेल तर त्यापायी चांगली गाडी सोडू नये. चासीवर वेल्डिंगचा ठिगळ दिसला तर मात्र परत फिरावे, मग ती कितीही स्वस्त असो. चासी नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळवावा आणि त्या जागेभोवतीचा रंग नवा आहे का तेही पाहावे.

रॅम्पवर असतानाच ऑईल तपासावे. फोर-बाय-फोर गाडीत गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा क्राऊन आणि मागचा क्राऊन अशी चार वेगळी ऑईले असतात. नेहमीच्या सर्व्हिसमध्ये शेवटच्या तिघांकडे फारसे कोणी बघत नाही. क्राऊनच्या पेटीला वरचा भरण्याचा आणि खालचा काढण्याचा असे दोन प्लग असतात. नेहमी वरचा आधी सोडवावा. खालचा काढून ऑईल ओतल्यावर वरचा गंजून सुटलाच नाही, तर गाडी रॅम्पवरच अडकते. वरच्या भोकातून करंगळी आत घालावी. ऑईल भोकाच्या काठापर्यंत हवे. बोटाला आलेले मधासारखे किंवा जुने म्हणून काळसर असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखे असेल तर आत पाणी आहे. पाणी शिरते ते असे: चालून तापलेला क्राऊन नदीच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, पेटी हवा ओढून घेते. ब्रीदरची, म्हणजे पेटीत हवा ये-जा करण्याची, नळी तुटलेली किंवा मातीने बुजलेली असेल तर हवेऐवजी सीलच्या कडेने पाणी ओढले जाते. अशा गाडीचे व्हील बेअरिंगही गेलेले असण्याची शक्यता मोठी. चाक उचलून वरखाली धरून हलवावे, खुळखुळले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. प्लगच्या चुंबकावर राखेसारखी करडी लेप असणे स्वाभाविक आहे, धातूचे कपचे असतील तर दात तुटलेले आहेत.

शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकांचे फिरते सांधे, हाताने पिळून पाहावेत. क्रॉसभोवती तांबडी पूड म्हणजे आत ग्रीस संपून सुया गंजल्या. पुढच्या चाकांचे रबरी बूट फाटलेले असतील तर ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेले दिसते.

आता खुद्द फोर-व्हील चालते का. बऱ्याच गाड्यांत ती वर्षानुवर्षे लावलेलीच नसते, आणि बटणाने लागणाऱ्या गाड्यांत ट्रान्सफर केसवरची मोटर आणि तिचे कनेक्टर न वापरूनच बिघडतात. ही चाचणी डांबरावर कधीही करू नये. कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची आणि मागची चाके वेगळे अंतर कापतात. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये ती एकत्र बांधलेली असतात आणि सगळा पीळ शाफ्ट व चेनवर येतो. खडीचे किंवा मातीचे मैदान, एखादा सडा निवडावा, अर्थात जागेच्या मालकाला विचारून. अभयारण्याची किंवा खाणीची वाट त्यासाठी धरू नये.

टू-व्हीलमधून हायला (नेहमीच्या गिअरांच्या फोर-व्हीलला) सरळ चालत असताना हळू वेगात टाकावे. डॅशबोर्डवरचा दिवा काही क्षण लुकलुकून स्थिर झाला पाहिजे. लुकलुकतच राहिला तर काम अर्धवट झाले आहे. मग सैल जमिनीवर स्टिअरिंग पुरते वळवून गोल फिरावे: गाडी किंचित अडखळत, पुढची चाके माती ढकलत वळली तर पुढचा क्राऊन जोडला गेला. टू-व्हीलसारखीच अलगद फिरली तर दिवा खोटा. लोसाठी गाडी पूर्ण थांबवावी, न्यूट्रल करावे, मग बटण किंवा दांडा. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून अॅक्सिलेटरला पाय न लावता चढावर घ्यावी. माणसाच्या चालीने ती चढली पाहिजे. उतरताना ब्रेक न दाबता तशीच आवरली पाहिजे. शेवटी पुन्हा टू-व्हीलमध्ये आणावी. चटकन सुटत नसेल तर सरळ रेषेत पाच-सात मीटर मागे घेतली की पीळ उतरतो. तरीही सुटत नसेल तर दुरुस्ती मोठी आहे. एडब्ल्यूडी गाड्यांत लॉकचे बटण दाबून हीच गोल फिरण्याची चाचणी करावी.

इंजिनाबद्दल थोडक्यात, कारण ते बहुतेक गॅरेजवाल्यांना पाहता येते. गाडी थंड असतानाच सुरू करावी. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. चालू इंजिनावर ऑईलचे झाकण काढून पालथे ठेवावे. ते जोराने उडून पडले तर रिंगा झिजल्या. निळा धूर ऑईलचा, थंडीचा क्षणभर सोडून सतत येणारा पांढरा कच्च्या डिझेलचा किंवा कूलंटचा, काळा हवेच्या कमतरतेचा. प्रत्येक गाडीचा एखादा मोठा खर्च ठरलेला असतो आणि तो आधीच्या मालकाने केला की तुमच्यासाठी ठेवला, हे बिलावरून कळते. तीन लिटरच्या जुन्या फॉर्च्युनरला टायमिंग बेल्ट आहे आणि तो दीड लाख किलोमीटरच्या आसपास बदलावा लागतो, नंतरच्या २.८ ला चेन आहे. पजेरो स्पोर्टला आणि डिझेल डस्टरलाही बेल्टच. तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. पजेरोत बॅलन्स शाफ्टचा दुसरा छोटा बेल्ट आहे आणि तो तुटून मुख्य बेल्टात अडकतो, म्हणून दोन्ही एकदम बदलायचे. एंडेव्हरच्या ३.२ इंजिनाला चेन आहे, पण ऑईल बदलताना ते फार वेळ रिकामे ठेवले तर पंप ऑईल उचलत नाही आणि बेअरिंगांना मार बसतो. अशी गाडी हाताळलेल्या मेकॅनिककडेच ती द्यावी. फोर्डने भारतातले उत्पादन थांबवल्याची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये केली. सर्व्हिसचे भाग मिळतात, पण बॉडीचे आणि इलेक्ट्रॉनिक भाग मागवून थांबावे लागते, हे किमतीत धरावे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर असतो. रोज पर्वरी ते पणजी एवढीच धाव असेल तर तो तापून साफ होत नाही आणि चोंदतो. तसा वापर असेल तर बीएस-६ डिझेल घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चालवून पाहताना सपाट हायवेवर समाधान मानू नये. फोंड्याकडचे लोक फर्मागुडीचा चढ घेतात, पणजीत आल्तिनो आहे. शक्य असेल तर चोर्ला घाट सात माणसे आणि एसीसह चढावा. तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला तर रेडिएटर, फॅनचा कपलिंग किंवा हेड गॅस्केट. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि आवाज वाढून वेग वाढला नाही तर क्लच संपला. ऑटोमॅटिकमध्ये डी आणि आर टाकल्यावर सेकंदभरात गिअर धरला पाहिजे. ठक्क असा धक्का बसला तर आधी शाफ्टचे क्रॉस तपासावेत, त्यानंतर गिअरबॉक्सला दोष द्यावा. स्कॅनर लावायचा तर नुसता इंजिनाचा नको. एबीएस आणि फोर-व्हीलच्या कंट्रोल युनिटमधले कोडही वाचणारा असावा. शेवटच्या काही किलोमीटरांत कोड पुसलेले असतील तर तेही त्यात दिसते.

चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारख्या झिजेचे हवेत. कायमच्या फोर-व्हीलला आणि एडब्ल्यूडीला हा नियम जिवाचा आहे, कारण व्यासातला थोडासा फरकही कपलिंगला सतत काम करायला लावतो आणि ते जळते. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर खोल नक्षीचा असला तरी बदलायचा म्हणूनच धरावा. उंची वाढवलेली, जाडजूड टायर घातलेली गाडी पाहायला रुबाबदार दिसते, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असे बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले. विमा कंपनीला क्लेम नाकारायला तेवढे कारण पुरू शकते. शिवाय उंची वाढवली की शाफ्टचे कोन बिघडून क्रॉस आणि बूट लवकर जातात. पुढचा लोखंडी बुलबारही काढूनच घ्यावा. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्याला मनाई केली आहे आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात तो आड येतो.

कुटुंबाची गाडी म्हणून तिसरी रांग स्वतः बसून पाहावी. चासीवरच्या गाड्यांत मागची जमीन उंच असते, गुडघे हनुवटीला लागतात. आजी-आजोबांना पायरी चढता येते का, हे त्यांना नेऊनच कळते. वाड्यावरच्या चिऱ्याच्या कुंपणांतून जाणारी वाट मोजून घ्यावी. स्कॉर्पिओ-एनची रुंदी १९१७ मिलिमीटर आहे, फॉर्च्युनरची १८५५, जिम्नीची १६४५, आणि हे आरसे सोडून. मागच्या रांगेत तीन पॉइंटचे पट्टे आणि मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्सच्या कड्या आहेत का ते पाहावे. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर अपघातानंतर बल्ब काढून ठेवला असेल.

किंमत ठरवताना मी एकच हिशेब सांगतो. सौद्याच्या वर दहा ते पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला असली पाहिजे. ती नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्यावी. दमलेल्या फॉर्च्युनरपेक्षा धडधाकट स्कॉर्पिओ केव्हाही बरी.

कागदांत फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५, परराज्याची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत. परराज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर गोव्याचा नंबर आणि गोव्याचा रोड टॅक्स लागतो. हा टॅक्स किमतीत धरला नाही म्हणून स्वस्त वाटलेली दिल्लीची गाडी महाग पडते. पंधरा वर्षांच्या जवळ आलेल्या गाडीला फेरनोंदणी आणि फिटनेसची तपासणी पार करावी लागते, तेव्हा चासीचा प्रश्न पुन्हा उभा राहतोच. दलालाकडून घेत असाल तर त्याच्याकडे वाहतूक खात्याची मान्यता आहे का ते विचारा. २०२३ पासून ती सक्तीची आहे.

या निमित्ताने वाहतूक खात्याला एक विनंती. भाड्याच्या किंवा टॅक्सीच्या नोंदणीतून खासगी झालेल्या गाडीच्या आरसीवर आणि ऑनलाइन नोंदीत तो इतिहास ठळकपणे दिसावा. आज तो शोधायला कार्यालयात खेपा घालाव्या लागतात, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला तो कळतच नाही. रेंट-अ-कॅबच्या गाड्या गोव्याइतक्या दाट फार थोड्या ठिकाणी असतील, त्यामुळे ही गरज आपल्यालाच सर्वांत जास्त आहे. त्याने चांगल्या जपलेल्या भाड्याच्या गाडीचेही नुकसान होणार नाही, तिला तिची योग्य किंमत मिळेल.

गाडी घेतलीच तर पहिल्या आठवड्यात चारही ऑईले बदलावीत, आधीच्या मालकाने काहीही सांगितले असले तरी. ब्रीदरच्या नळ्या साफ कराव्यात, शाफ्टला ग्रीस द्यावे, चासीच्या पोकळीत पाण्याचा फवारा मारून गाळ काढावा, निचऱ्याची भोके मोकळी करावीत आणि चांगली उन्हे पडली की आतून मेणाचे कोटिंग करून घ्यावे. ओल्यावर ते बसत नाही. महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर दहा मिनिटे फोर-व्हील आणि लो लावून गाडी फिरवावी, म्हणजे मोटर आणि सील कामात राहतात. आणि पुढच्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, वरचा प्लग सोडवून पुन्हा एकदा करंगळी आत घालून पाहावे.

आपला,
एक वाहनदुरुस्ती व्यावसायिक,
फोंडा-गोवा